चौऱ्याऐंशी मिनिटांची बडबड: कर्नलचा एक पॅच वाचताना

पेटची तयारी करणारे बरेच जण एकदम वीस-पंचवीस पानांचा सर्व्हे पेपर उघडतात, तिसऱ्या पानावर दमतात आणि मग सारांश वाचून वेळ मारून नेतात. माझा सल्ला उलटा आहे. चिकित्सक वाचन शिकायचं असेल तर आधी काहीतरी अगदी छोटं घ्या, इतकं छोटं की त्यातलं प्रत्येक वाक्य आणि प्रत्येक आकडा तपासता येईल. म्हणून आज पेपर नाही, लिनक्स कर्नलमधला एक पॅच घेतोय, २००९ सालचा. त्याच्यासोबतचं वर्णन जेमतेम दोन-तीन परिच्छेदांचं आहे. पण त्यात समस्या आहे, आकडा आहे, उपाय आहे आणि उपायाचं समर्थनही आहे. संशोधनाच्या दाव्यात याहून वेगळं काय असतं?

आधी थोडी पार्श्वभूमी.

संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर भराभर ओळी सरकत जातात, त्या बहुतेकांनी पाहिल्या असतील. त्या कर्नल छापत असतो, 'प्रिंटके' नावाच्या फंक्शनमधून. प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी एक पातळी असते. ० म्हणजे यंत्रणा कोसळतेय, ३ म्हणजे त्रुटी, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे नुसती माहिती आणि ७ म्हणजे डीबग. संदेश दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे मेमरीतला लॉग बफर, जो आपण नंतर 'डीमेसग' ही आज्ञा देऊन वाचतो. दुसरं म्हणजे कन्सोल, म्हणजे पडदा किंवा सिरियल पोर्ट. बफरमध्ये सगळं जातं. कन्सोलवर मात्र ठरवलेल्या पातळीपेक्षा गंभीर असेल तेवढंच जातं. ती पातळी एरवी ७ असते, म्हणजे डीबग सोडून बाकी सगळं दिसतं.

आता सर्व्हरला अनेकदा पडदा नसतोच. कन्सोल म्हणजे सिरियल पोर्ट, आणि सिरियल पोर्ट म्हणजे बैलगाडी. ११५२०० बॉडच्या पोर्टवरून सेकंदाला साधारण ११,५२० अक्षरं जातात, कारण एका अक्षरामागे आठ बिटं आणि शिवाय सुरुवातीचं एक व शेवटचं एक अशी दहा बिटं लागतात. ऐंशी अक्षरांची एक ओळ जायला सात मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पारंपरिक पद्धतीत प्रिंटके ती ओळ पोर्टवर ढकलून होईपर्यंत थांबतो, आणि त्याच्याबरोबर बूटही थांबतो. हजार ओळी झाल्या की सात सेकंद गेले.

आता पॅचकडे येऊ. तो आला एसजीआय या कंपनीकडून. ही कंपनी शेकडो-हजारो प्रोसेसर एकाच कर्नलखाली चालवणारी यंत्रं बनवायची. इथे एक फरक नीट लक्षात घ्या. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' किंवा तसे इतर महासंगणक हे समूहसंगणक आहेत. त्यात नोड कितीही असले तरी प्रत्येक नोडवर स्वतंत्र कर्नल असतो आणि तो आपल्यापुरत्याच प्रोसेसरांची हजेरी घेतो. एसजीआयच्या यंत्रात एकाच कर्नलला सगळ्यांची हजेरी घ्यावी लागायची. म्हणूनच ही समस्या त्यांना आधी टोचली.

वर्णनातला दावा थोडक्यात असा: ४०९६ प्रोसेसर आणि ५६ के बॉडचा कन्सोल असेल, तर सुरुवातीचे संदेश सिरियल पोर्टमधून बाहेर पडायला सुमारे ८४ मिनिटं लागतील असा अंदाज आहे. उपाय: ज्यांत नवी माहिती नाही असे पुनरावृत्त संदेश कमी करायचे. समर्थन: यातली बरीच माहिती प्रॉक आणि सिसएफएसमध्ये मिळतेच, आणि काही संदेश डीबग पातळीवर बफरमध्ये जातात, म्हणजे गरज पडली तर डीमेसगने बघता येतील.

वाचल्याबरोबर पटतं. ८४ मिनिटं बूटला? कोण ऐकून घेईल! पण नेमकं असं लगेच पटणारं वाक्य दिसलं की पेन हातात घ्यायचं.

आकडा तपासू

५६ के म्हणजे सेकंदाला ५६०० अक्षरं. ८४ मिनिटं म्हणजे ५०४० सेकंद. गुणाकार केला की सुमारे २ कोटी ८२ लाख अक्षरं येतात. त्याला ४०९६ ने भागा. एका प्रोसेसरच्या वाट्याला जवळपास ६९०० अक्षरं, म्हणजे ऐंशी अक्षरांच्या पंच्याऐंशीहून अधिक ओळी.

आता त्या काळातला एक्स८६ कर्नल एका प्रोसेसरमागे काय काय छापायचा ते आठवू. प्रोसेसर सुरू करतोय, त्याची सुरुवातीची जुळणी, बोगोमिप्सचा आकडा, एल-वन आणि एल-टू कॅशचा आकार, भौतिक प्रोसेसर कितवा, कोअर कितवा, प्रोसेसरचं नाव, टीएससी घड्याळ जुळतंय की नाही. धरून चालू की दहा ओळी, एका ओळीत सरासरी पन्नास अक्षरं. म्हणजे प्रोसेसरमागे ५००, आणि ४०९६ प्रोसेसरांची मिळून साधारण वीस लाख अक्षरं. वेळ? सुमारे सहा मिनिटं.

सहा आणि चौऱ्याऐंशी! चौदा पटींचा फरक.

याचा अर्थ वर्णनातला आकडा खोटा आहे असा नाही. अर्थ असा, की या आकड्यात आणखी कुणीतरी दडलेलं आहे. कोण असू शकतं? प्रोसेसरच्या संख्येबरोबर सरळ रेषेत न वाढता वर्गाच्या प्रमाणात वाढणारे संदेश. समजा, प्रत्येक प्रोसेसरची ओळ छापताना त्यात बाकीच्या प्रोसेसरांची यादीही आली. ४०९६ चा वर्ग म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर. प्रत्येक जोडीमागे एकच अक्षर छापलं तरी ५० मिनिटं गेली. शेड्युलरचे डीबग संदेश साधारण याच जातीचे असतात, कारण कोणता प्रोसेसर कोणाच्या गटात हे ते सांगतात. आणि एसजीआयच्या त्याच पॅचमालिकेत शेड्युलरच्या संदेशांना वेसण घालणारा एक पॅच होताही.

इथे माझा पहिला आक्षेप येतो. ८४ मिनिटं हा आकडा वर्णनात एकच एक गठ्ठा म्हणून येतो. त्यातली किती मिनिटं कोणत्या संदेशाची, हे तो सांगत नाही. शिवाय तो मोजलेला नाही, अंदाजलेला आहे, आणि पॅच लावल्यावर किती उरतील याचा तर उल्लेखच नाही. खरं म्हणजे तो हिशेब पॅचच्या बाजूनेच गेला असता. नव्या मांडणीत प्रत्येक प्रोसेसरचा फक्त क्रमांक छापला जातो. त्याला सहा अक्षरं धरली तर ४०९६ प्रोसेसरांना मिळून साडेचार सेकंदही लागत नाहीत. सहा मिनिटांचे साडेचार सेकंद झाले, हे वाक्य '८४ मिनिटं लागतील असा अंदाज आहे' या वाक्यापेक्षा कमी सनसनाटी आहे, पण जास्त भक्कम आहे. तुमच्या प्रबंधात यांपैकी कोणतं वाक्य लिहायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा. कारण मुलाखतीच्या समितीत कुणीतरी भागाकार करणारं बसलेलं असतंच.

कमी करणं म्हणजे नक्की काय?

दुसरा मुद्दा शब्दाचा. 'संदेश कमी केले' या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या क्रिया मिसळल्या आहेत.

पहिली, एकत्र करणं. आधी प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र ओळी होत्या. पॅचनंतर एका नोडची एकच ओळ: नोड ०, प्रोसेसर १, २, ३, ४... असे क्रमांक एकामागून एक. दुसरी, खालच्या पातळीवर ढकलणं. संदेश डीबग झाला, कन्सोलवरून गेला, बफरमध्ये राहिला. तिसरी, काढूनच टाकणं. कॅशच्या आकाराच्या ओळींचं हेच झालं, ती माहिती सिसएफएसमध्ये मिळते म्हणून.

या तिन्हींची किंमत सारखी नाही. एकत्र करण्यात जवळपास काहीच हरवत नाही. उलट, एक मोलाची गोष्ट टिकते. क्रमांक जसजसा प्रोसेसर येईल तसतसा छापला जातो, त्यामुळे बूट ३७ व्या प्रोसेसरवर अडकलं तर ओळ ३७ वरच थांबलेली दिसते. मला हा उपाय मनापासून आवडतो. शॅननने १९४८ मध्ये मांडलं की संदेशातली माहिती त्याच्या अनपेक्षितपणावर ठरते. आपण मराठीत हेच केव्हापासून म्हणतो: रोज मरे त्याला कोण रडे. ४०९५ वेळा 'कॅश ३२ के' वाचून कुणाच्याही ज्ञानात भर पडत नाही. पण अमुक क्रमांकापर्यंत पोचलो, याला अर्थ आहे, कारण पुढचा क्रमांक *न येणं* ही बातमी असते.

खालच्या पातळीवर ढकलणं मात्र वेगळं प्रकरण आहे. 'डीमेसगने बघता येईल' हे समर्थन पुन्हा वाचा. डीमेसग कधी चालवता येतं? बूट पूर्ण होऊन, लॉग-इन करून, टर्मिनल हाती आल्यावर. प्रॉक आणि सिसएफएसचंही तेच. म्हणजे यंत्र व्यवस्थित सुरू झालं तर माहिती हाताशी आहे, आणि सुरू होतानाच अडकलं तर नाही. आणि बूटचे संदेश बारकाईने वाचायची वेळ नेमकी कधी येते? अडकल्यावरच. छत्री आहे, पण ऊन पडल्यावरच उघडते, असा हा प्रकार झाला.

याला उत्तर आहे, आणि तेही द्यायला हवं. कर्नलच्या आज्ञा-ओळीत 'इग्नोर लॉगलेव्हल' हा पर्याय देता येतो, मग डीबगसकट सगळं कन्सोलवर येतं. पण त्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं आणि बिघाड पुन्हा घडावा लागतो. दहातून एकदा घडणारा बिघाड असेल तर? शिवाय हजारो प्रोसेसरांच्या यंत्रावर 'सगळं दाखव' म्हटलं की ज्या दीर्घ प्रतीक्षेतून सुटका करून घेतली तीच परत दारात. पीस्टोअरसारखी सोय असेल तर आधीच्या बूटचा लॉग पुढच्या बूटपर्यंत जपता येतो. पण ती यंत्रावर आणि त्याच्या फर्मवेअरवर अवलंबून आहे, गृहीत धरता येत नाही.

बफर भरतो

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो समर्थनाच्या मुळावर येतो. डीबग संदेश बफरमध्ये राहतात, असं आपण म्हणालो. पण बफर काही अथांग नाही. तो गोलाकार असतो. भरला की सगळ्यात जुन्या संदेशांवर नवे लिहिले जातात. १२८ केबी हा त्याचा बऱ्याच काळापासूनचा नेहमीचा आकार. पॅचशिवायची २ कोटी ८२ लाख अक्षरं त्यात ओतली तर बफर दोनशेहून जास्त वेळा भरून वाहील.

आता पाहा: संदेश डीबगला ढकलला की कन्सोलचा वेळ वाचतो, पण बफरमधली जागा वाचत नाही. तो तिथे तेवढीच जागा अडवतो आणि बूटच्या अगदी सुरुवातीचे संदेश, म्हणजे मेमरीचा नकाशा किंवा फर्मवेअरचे तक्ते, बाहेर ढकलतो. म्हणजे 'डीमेसगने बघता येईल' हे वाक्य मोठ्या यंत्रावर, बूट यशस्वी झालं तरीही, पूर्ण खरं नाही. वर्णन एकाच खर्चाचा हिशेब देतं, वेळेचा. जागेचा खर्च त्यात नाही.

हा आक्षेप मी नुसता कल्पनेने लढवत नाहीये. २०१४ मध्ये, ३.१७ या आवृत्तीत, कर्नलमध्ये एक नवा पर्याय आला: प्रोसेसरांची संख्या पाहून बफरचा आकार वाढवायचा, प्रत्येक प्रोसेसरमागे नेहमीच्या जुळणीत ४ केबी. २००९ च्या पॅचने बफरचा प्रश्न सुटला असता तर पाच वर्षांनी ही गरज पडली नसती.

'ओके' म्हणजे ओके?

चौथी गोष्ट छोटी आहे, पण गमतीची. नव्या मांडणीत नोडची ओळ 'ओके' या शब्दाने संपायची. वाचणाऱ्याला काय वाटेल? या नोडचे सगळे प्रोसेसर नीट सुरू झाले. पण कोड पाहिला तर हा शब्द छापला जायचा पुढच्या नोडची पाळी आल्यावर, आधीची ओळ बंद करण्यासाठी. आणि अगदी शेवटच्या प्रोसेसरच्या बाबतीत क्रमांक आणि 'ओके' एकदमच, तो जागा होण्याच्या आधी! एखादा प्रोसेसर उठलाच नाही तर त्यासाठी वेगळी त्रुटीची ओळ होती, त्यामुळे बिघाड लपत नव्हता. पण 'ओके' हा तपासणीचा निकाल नव्हता, ते विरामचिन्ह होतं. आजच्या कर्नलमध्ये ही ओळ वेगळ्या रूपात आहे, त्यात 'ओके' नाही, आणि किती नोड व किती प्रोसेसर सुरू झाले याची बेरीज शेवटी स्वतंत्र ओळीत येते. सुधारणा योग्यच आहे. गोंगाट कमी करताना उरलेल्या प्रत्येक शब्दावरचा भार वाढतो. दहा ओळींतला एक शब्द सैल असला तर चालून जातं, एकाच ओळीतला असला तर नाही.

मग पॅच वाईट होता का?

अजिबात नाही. आणि हे मी शिष्टाचार म्हणून म्हणत नाहीये.

पर्याय काय होता ते बघा. 'क्वाएट' हा पर्याय कर्नलमध्ये आधीपासून होता. तो दिला की कन्सोलवर फक्त त्रुटी आणि त्याहून गंभीर संदेश येतात. मग नवा पॅच कशाला? कारण क्वाएट गांभीर्य बघतो, पुनरावृत्ती बघत नाही. त्यात ४०९६ व्या प्रोसेसरची कॅश जाते, आणि पहिल्या प्रोसेसरची, डिस्कची, नेटवर्क कार्डाची माहितीही जाते. सुक्याबरोबर ओलंही जळतं. २००९ च्या पॅचने विचारलेला प्रश्न वेगळा होता: हा संदेश किती गंभीर आहे, हे नाही, तर आधीच्या संदेशापेक्षा हा नवीन काय सांगतो? हा प्रश्न कर्नलच्या इतर भागांतही झिरपलेला दिसतो. एकदाच छापणारे प्रिंटके आहेत. ठरावीक वेळात ठरावीक संख्येहून जास्त न छापणारे आहेत, नेहमीच्या जुळणीत पाच सेकंदांत दहा. ड्रायव्हर सुरळीत चालत असेल तर त्याने तोंड उघडू नये, हा संकेतही आता कर्नल लिहिणाऱ्यांत रूढ आहे.

आणि मुळातला जो दोष, प्रिंटकेने कन्सोलसाठी ताटकळणं, त्यावरचं काम त्यानंतर कितीतरी वर्षं चाललं. २०२० अखेरच्या ५.१० मध्ये कुलूपविरहित बफर आला. रिअल-टाइम कर्नलचे बदल मुख्य शाखेत पूर्ण व्हायला २०२४ ची ६.१२ आवृत्ती उजाडली, आणि त्यातला शेवटचा मोठा अडसर प्रिंटकेच होता. एक ओळ छापणं, एवढं साधं वाटणारं काम!

या सगळ्याच्या मानाने २००९ चा पॅच म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, असंही कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. कन्सोल कितीही वेगवान झाला तरी वाचणारा माणूस वेगवान होत नाही. ४०९६ सारख्या ओळींतून एक वेगळी ओळ शोधणारे डोळे २००९ मध्ये होते तेच आजही आहेत. म्हणून माझ्या मते पॅचचं खरं समर्थन वाचणाऱ्याचं लक्ष हे होतं, मिनिटं नव्हे. वर्णनाने मिनिटं पुढे केली, कारण मिनिटं मोजता येतात आणि लक्ष मोजता येत नाही. संशोधनात हा मोह आपल्या सगळ्यांनाच पडतो. जे महत्त्वाचं आहे त्याऐवजी जे मोजता येतं ते सारांशात जातं.

तुमच्यासाठी काम

लिनक्स असलेलं कोणतंही यंत्र घ्या. डीमेसगचं आउटपुट फाइलमध्ये साठवा आणि तीन मोजणी करा. एकूण ओळी किती? आकडे वगळले तर शब्दशः सारख्या ओळी किती? आणि प्रत्येक पातळीच्या किती? मग ज्या दहा ओळी सगळ्यात निरुपयोगी वाटतात त्या निवडा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ही एकत्र करावी, खाली ढकलावी की काढून टाकावी. शेवटच्या रकान्यात, ही ओळ नसल्यामुळे कोणता बिघाड शोधणं अवघड होईल, तेही लिहा.

हा शेवटचा रकाना भरताना निवडलेल्या दहापैकी दोन-तीन ओळी तुम्ही परत घ्याल, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, मोजलेला नाही. मोजून मला कळवा.